मिस्त्रीची ट्रायल

"तुमचा परवाना खोटा आहे असं मी म्हणत नाही," काचेमागची कारकून बाई म्हणाली. "पण तो इथे चालत नाही."

धाकट्या भावाने ते दादाला सांगितलं, जरा मऊ करून. "दादा, त्या म्हणतायत, नव्याने काढावा लागेल."

"नव्याने म्हणजे?"

"म्हणजे... शिकाऊपासून."

दादाने, म्हणजे मिस्त्रीने, काचेखालून परत आलेला आपला गाडी चालवायचा परवाना उचलला. कडा झिजलेल्या, फोटोतल्या माणसाचे केस दाट आणि काळेभोर. तो त्याने शर्टाच्या खिशात ठेवला आणि बाईंना नमस्कार केला. त्याचं काय करायचं हे बाईंना कळलं नाही. त्या पुढच्या माणसाकडे वळल्या.

मागे आपल्या गावी तो नुसता मिस्त्री नव्हता, मोटारसायकलचा मिस्त्री होता. लोक शोरूममधून कोरी गाडी काढायचे आणि घरी नेण्याआधी त्याच्याकडे आणायचे. "मिस्त्री, एक चक्कर मारून सांगा, बरी आहे ना?" तो चक्कर मारून यायचा, गाडी स्टँडला लावायचा आणि म्हणायचा, "बरी आहे. पहिले काही दिवस पळवू नका." इतकं ऐकलं की गिऱ्हाईक खूश. निम्म्या गावाने गाडी त्याच्यासमोर शिकली होती, धाकट्यानेसुद्धा. पुढे रस्ता रुंद करायचं निघालं आणि त्याचं दुकान त्यात गेलं. दुसऱ्याच्या हाताखाली त्याच गावात राबायचं त्याच्या जिवावर आलं. धाकटा बरीच वर्षं परदेशात होता. त्याने मोटारसायकलच्या एका गॅरेजात शब्द टाकला आणि मिस्त्री बायकोला घेऊन इकडे आला. मुलगी लग्न होऊन आपल्या घरी होती, मागे अडकून राहण्यासारखं काही नव्हतं.

गॅरेजचे मालक म्हातारे, अंगाने भारी, बोलायला तुटक. मिस्त्रीचं काम त्यांनी पहिल्या दिवशीच ओळखलं. अडचण एकच होती. दुरुस्त झालेली गाडी रस्त्यावर फिरवून बघायची तर परवाना हवा, नाहीतर विमा कंपनी हात वर करते. त्यामुळे गाडी मिस्त्रीने जोडायची आणि ट्रायल मालकांनी मारायची. मालकांचा गुडघा कामातून गेला होता. गाडीवर पाय टाकताना ते प्रत्येक वेळी कुणाला तरी शिवी घालत. चक्कर मारून आले की म्हणत, "ठीक आहे."

"ठीक म्हणजे कशी?" मिस्त्री विचारायचा.

"ठीक म्हणजे ठीक."

स्वयंपाक आपण करायचा आणि चव दुसऱ्याने बघायची, तसं झालं होतं. मिस्त्री शटरपाशी उभा राहून दूर जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकायचा. जेवढं कळेल तेवढं कानाने कळून घ्यायचा.

"हिवाळ्यापर्यंत माझा गुडघा कसाबसा चालेल," मालकांनी एक दिवस स्पष्ट सांगितलं. "तोवर परवाना काढ. नाहीतर मला परवानेवाला माणूस ठेवावा लागेल. दोघांना पगार द्यायची माझी ऐपत नाही."

रात्री जेवताना धाकट्याने खर्च समजावून सांगितला. आधी लेखी परीक्षा, तिची फी. मग शिकवणी, ती सक्तीची. मग मैदानातली परीक्षा आणि रस्त्यावरची परीक्षा, दोन्हींची फी वेगळी. हेल्मेट इथल्या शिक्क्याचं हवं, गावाहून आणलेलं चालणार नाही. जाड कोट, हातमोजे, घोट्यापर्यंतचे बूट.

"आणि गाडी?" बायकोने विचारलं.

"गाडी वेगळी, वहिनी."

"म्हणजे एवढ्यात अजून गाडी आलीच नाही?"

"गाडीचं एवढं काही नाही. जुनी मिळेल. विमा गाडीपेक्षा महाग पडतो. नवीन चालवणाऱ्याला ते जास्त लावतात."

"नवीन कोण?" मिस्त्रीने विचारलं.

धाकट्याने पाण्याचा पेला उचलला. "तूच की, दादा."

बायको हसली, मग नवऱ्याचा चेहरा बघून थांबली. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला एका वृद्धाश्रमात कामाला लागली होती. सकाळच्या पाळीला पहिली बस पोचवत नसे, म्हणून अर्धी वाट ती अंधारात चालत जायची. शिकवणीत जोडीने नाव घातलं तर दुसऱ्याला निम्मी फी, असं धाकट्याच्या बोलण्यात आलं तेव्हा ती म्हणाली, "मग माझंही नाव घाला."

"तू?" मिस्त्री म्हणाला. "तुला साधी सायकल येत नाही धड. पडशील."

"पडेन. मग उठेन."

लेखी परीक्षेचा अभ्यास तिने करून घेतला. ती पुस्तकातून प्रश्न वाचायची, तो हातातलं काम न सोडता उत्तर द्यायचा.

"अरुंद रस्ता आहे, समोरून गाडी येतेय. तुम्ही काय कराल?"

"हॉर्न देईन."

"चूक. थांबायचं."

"हॉर्न देऊन थांबेन."

"अहो, हॉर्न नाहीच द्यायचा. त्यांना तो शिवीसारखा वाटतो, इथे लिहिलंय."

कसाबसा तो पास झाला. तिचं एकही उत्तर चुकलं नाही, पण हे तिने धाकट्याला सांगितलं, नवऱ्याला नाही.

शिकवायला एक बाई होत्या, पूर्वी बस चालवायच्या. आवाज असा की मैदानाच्या पलीकडच्या टोकाला ऐकू यावा. नवरा-बायकोने आपसात त्यांचं नाव मास्तरीणबाई ठेवलं. पहिल्या दिवशी मैदानात नारिंगी शंकू मांडलेले होते. मिस्त्रीने गाडी घेतली आणि त्या शंकूंमधून अशी काढली की बाकीचे शिकाऊ बघतच राहिले. शेवटी एक हात सोडून, गाडी जागच्या जागी वळवून, तो बाईंपुढे येऊन थांबला.

"सुंदर," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही नापास होणार."

मिस्त्रीला वाटलं, भाषा कळण्यात आपली काही चूक झाली.

"वळताना मागे बघितलं नाहीत."

"आरशात बघितलं की."

"आरशात सगळं दिसत नाही. मान वळवा. खांद्यावरून बघा. आणि मला दिसेल असं बघा."

मान वळवायची त्याला सवय नव्हती. मागून येणारी गाडी त्याला पाठीला कळायची. इतकी वर्षं कळत आली होती आणि अंगावर ओरखडा आला नव्हता. हे बाईंना कसं सांगणार? त्याने मान वळवली. दोन वळणांवर लक्षात राहिलं, तिसऱ्यावर विसरलं.

बायको पहिल्याच दिवशी पडली, दुसऱ्या दिवशीही पडली. क्लच सोडताना गाडी उसळायची आणि ती "आई गं" करायची. पण मोडायला तिच्याजवळ जुनी सवय कुठलीच नव्हती. मास्तरीणबाई म्हणाल्या मान वळव, ती वळवायची. म्हणाल्या दोन बोटं ब्रेकवर ठेव, ती ठेवायची. घरी भांडी घासतानासुद्धा मध्येच ती खांद्यावरून मागे बघायची. "काय शोधतेस?" मिस्त्री विचारायचा.

"काही नाही. सराव."

मैदानातल्या परीक्षेतून दोघंही सुटले. रस्त्यावरची परीक्षा दोघांची एकाच सकाळी होती. परीक्षक मागून दुसऱ्या गाडीवर येत होता आणि कानातल्या यंत्रातून वाट सांगत होता. मिस्त्री मान वळवत होता, दोन्ही हात हँडलवर होते, सगळं नीट चाललं होतं. बाजारपेठेत एक म्हातारी रस्त्याच्या कडेला पिशवी घेऊन उभी दिसली. मिस्त्री थांबला आणि त्याने हाताने तिला खूण केली, या आजी, जा तुम्ही. ती हसून रस्ता ओलांडून गेली.

परत आल्यावर परीक्षकाने त्यावर बोट ठेवलं. "तुम्ही तिला बोलावलंत. पलीकडून गाडी येत असती तर? ती तुमच्या भरवशावर पुढे आली असती. थांबा, पण कुणाला बोलावू नका."

मिस्त्रीने मान हलवली. म्हणणं खोटं नव्हतं. पण नापास व्हावं असं आपल्या हातून काही झालं, हे मात्र त्याच्या गळी उतरेना. तो बाकावर जाऊन बसला. थोड्या वेळाने बायको आली, हेल्मेट काढलं, केस सारखे केले आणि शेजारी बसली.

"तुझं काय झालं?" त्याने विचारलं.

"झालं."

"झालं म्हणजे?"

"पास." ती हातमोजे काढत होती. डाव्या हाताचा निघता निघेना. मिस्त्रीने एकेका बोटाकडून ओढत तो काढला.

"बरं झालं," तो म्हणाला. "तुझी सकाळची पायपीट वाचली." आणि मग, "गाडी बघून ठेवलीय मी. तुझ्या नावावर घेऊ."

गाडी घेतली. ती कामाला गाडीवरून जाऊ लागली. मिस्त्री बसनेच जायचा. "जरा लवकर निघा, सोडते की तुम्हाला, वाटेतच आहे," ती म्हणायची, तर तो म्हणायचा, बसमध्ये जरा पाय मोकळे सोडता येतात. बसमध्ये त्याला उभंच राहावं लागायचं, हे तिला ठाऊक होतं. तिने पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या परीक्षेत मोकळा सरळ रस्ता लागला आणि मिस्त्रीचा डावा हात आपोआप मांडीवर जाऊन बसला. गावाकडे मोकळ्या रस्त्याला तो असाच चालवायचा. परीक्षक काय म्हणणार हे त्याला परत येण्याआधीच कळलं.

त्या आठवड्यात मालकांचा गुडघा सुजला. तीन गाड्या तयार होऊन उभ्या, गिऱ्हाइकांचे फोन चाललेले. मालक खुर्चीत पाय वर करून बसले होते. "नवा माणूस बघावा लागेल," ते मिस्त्रीकडे न बघता म्हणाले. मग त्यांनीच विचारलं, "तुझी बायको चालवते ना? तिचा परवाना झालाय ना?"

मिस्त्री हातातला पाना पुसत राहिला. पुसण्यासारखं त्यावर काही उरलं नव्हतं. "हो," तो म्हणाला. "तीनला सुटते ती. विचारतो."

बायको वृद्धाश्रमातून थेट गॅरेजात आली. मिस्त्रीने गाडी बाहेर काढून दिली. ती गेली, चौकातून वळली, आवाज लांब गेला आणि परत आला.

"कशी आहे?"

"बरी आहे. जरा कुरकुरतेय."

"कुठे?"

"खाली."

"अगं, खाली म्हणजे? इंजिन खालीच असतं, चेन खालीच असते, चाकं काय डोक्यावर असतात?"

"ओरडू नका. मला नावं येत नाहीत." ती डोळे मिटून उभी राहिली. "सरळ जाताना नाही. डावीकडे वळताना करते. उजवीकडे नाही."

पुढचं चाक वर उचलून मिस्त्रीने हाताने फिरवलं, कान जवळ नेला, पुन्हा फिरवलं. मग खाली मांडी घालून बसला आणि चाक खोलायला घेतलं. चाकातलं बेअरिंग घासलेलं निघालं. शटरपाशी उभं राहून ते त्याला ऐकू आलं नव्हतं.

"काय होतं?" तिने विचारलं.

"बेअरिंग. हे बघ, हे असं." त्याने ते तिच्या तळहातावर ठेवलं. ग्रीस तिच्या कातडीच्या रेघांत भरलं. "याला बेअरिंग म्हणायचं."

मालकांनी नवा माणूस बघण्याचं पुन्हा काढलं नाही. ती रोज तीननंतर येऊ लागली, मालक तिला तासाचे पैसे देत. हळूहळू तिला नावं येऊ लागली. क्लच घसरतोय, चेन सैल आहे, मागचा ब्रेक उशिरा लागतो. संध्याकाळी गॅरेजातून एकाच घरी जायचं, आणि तिची गाडी दारातच उभी. बस थांब्याकडे जाण्याला काही अर्थ उरला नाही. पहिल्या दिवशी मिस्त्री मागे बसला तेव्हा हात कुठे ठेवायचे हे त्याला कळेना. त्याने ते आपल्याच गुडघ्यांवर ठेवले.

मागे बसून तो बघायचा. ती वळणाआधी केव्हा मान वळवते, चौकात केव्हा गती कमी करते, कुणी रस्त्याकडेला उभं असलं तर कशी थांबते आणि समोर बघत राहते, खूण न करता. महिनोन्‌महिने त्याने एवढंच बघितलं. हिवाळा सरता सरता तिसऱ्यांदा परीक्षेला गेला तेव्हा त्याने आपल्यासारखी गाडी चालवलीच नाही. तिच्यासारखी चालवली. या वेळचा परीक्षक नवा होता. त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, "छान. नव्यानेच शिकलात का?"

"हो," मिस्त्री म्हणाला.

गॅरेजात मालकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. ट्रायलचं विचारलं तेव्हा मिस्त्रीच म्हणाला, "ती मारते ते बरं आहे. तिला कळतं. आणि मी ऐकतो इथून." मालकांनी खांदे उडवले. त्यांना दोन्ही चालणार होतं.

त्या संध्याकाळी बायकोने हेल्मेट घातलं, पण पुढे बसली नाही. "घ्या," ती म्हणाली. "आज तुम्ही."

मिस्त्री पुढे बसला. ती मागे बसली, पूर्वी बसायची तशी, त्याच्या खांद्यावर एक हात ठेवून. लग्न झाल्यापासून ती अशी बसत आली होती. गावाकडे लांबच्या वाटेला निघाले की थोड्याच वेळात तिचं डोकं त्याच्या पाठीला टेकायचं आणि ती झोपून जायची. तिच्या डोक्याचा भार पाठीवर आला की मिस्त्री गाडी संथ करायचा, खड्डे चुकवत न्यायचा. मुलगी लहान होती तेव्हा दोघांच्या मध्ये तीही झोपलेली असायची.

गाडी बाजारपेठ ओलांडून मोठ्या रस्त्याला लागली. मिस्त्रीने वाट बघितली. पाठीला काही टेकलं नाही. पुढे एक ट्रक थांबला तशी त्याने गती कमी केली, आणि त्याच वेळी उजवीकडे फूटरेस्टवर तिचा बूट दाबला गेलेला त्याला जाणवला. ब्रेक दाबावा तसा. पुढच्या चौकात पुन्हा. वळण आलं तेव्हा तो झुकण्याआधी ती झुकली होती.

सिग्नलला गाडी थांबली. मिस्त्रीने मान जरा मागे केली.

"अगं, झोप की. घर लांब आहे अजून."

"आता कुठली येतेय झोप," ती म्हणाली. तिची नजर पुढच्या रस्त्यावर होती.

दिवा बदलला. मिस्त्रीने क्लच अलगद सोडला आणि गाडी संथच ठेवली. रस्ता गुळगुळीत होता, चुकवायला खड्डे नव्हते.