हिरीच्या हातचं कलम

“हिरीमावशी, ते पोतं आधी खाली ठेवा. आणि हे काय, साडी हीच?”

सरकारी मंडळाच्या चिखल्याच्या रोपवाटिकेत ऑफिसच्या पायरीवर जागृती मॅडम कागदांची चळत घेऊन उभ्या होत्या. हिरीने पोतं खाली ठेवलं नाही. तलासरीकडच्या लेकीच्या पाड्यावरून सकाळची पहिली गाडी धरून, डहाणूला दुसरी बदलून तिने ते मांडीवर आणलं होतं. शेजारच्या बाईने दोनदा विचारलं होतं, आत काय आहे म्हणून. हिरीने सांगितलं नव्हतं.

“तुषारसाहेब कवा येणार?”

“अकराला. प्रमुख पाहुणेच ते. आणि ऐका, यादीत पहिलं नाव तुमचं आहे. उत्कृष्ट कलमकार! मीच टाईप केलंय.”

“मला साहेबांना एक वस्तू दाखवायची हाय.”

“दाखवा की. आज तुमचाच दिवस आहे.”

हिरीची नजर मांडवाकडे गेली आणि तिथेच अडकली. चार दिवसांपूर्वी ती लेकीकडे गेली तेव्हा त्या जागेवर रायणीचा वाफा होता. आता तिथे लाल गालिचा होता आणि खुर्च्यांच्या रांगा. रायणीची रोपं पिशव्यांसकट बांधाकडेला फेकलेली होती, काही उभी, बरीचशी आडवी.

“वाफा कुठं गेला, मॅडम?”

“कुठला वाफा? रजिस्टरला ती जागा रिकामी आहे, मावशी. मांडव दुसरा घालणार कुठे?”

मॅडमचंही खोटं नव्हतं. पाच वर्षांपूर्वीच रायणीचा रकाना रजिस्टरमधून गेला होता. तरी हिरी दरवर्षी रायणीच्या बिया वेचून एवढासा वाफा टाकायची, कोणी सांगितलं नव्हतं तरी. जे कागदावर नाही ते जमिनीवरही नसतं, हे या मंडळात एव्हाना सगळ्यांना पाठ झालं होतं. फक्त रायणीला कोणी सांगितलं नव्हतं.

चिकूचं कलम रायणीच्या खुंटावर, म्हणजे मुळासकटच्या रोपावर बांधायचं, ही या किनाऱ्यावरची जुनी रीत. रायण मोठी हट्टी. पेन्सिलीएवढी जाड व्हायला दोन वर्षं घेते, कधी अडीच. पण एकदा तिने चिकूला धरलं की दोन पिढ्या सोडत नाही. हिरी सतरा वर्षांची असताना रोजावर लागली, तेव्हा सदू मिस्त्रीने तिला चाकू धरायला शिकवलं. खुंटाला तिरपा काप कसा द्यायचा, त्यात चिकूची काडी कशी बसवायची, चिकाने बोटं चिकटली तर राख कशी चोळायची. आणि कलम बांधून झालं की पत्र्याच्या तुकड्यावर खिळ्याने आपलं नाव ठोकून तो बिल्ला कलमाला अडकवायचा, हा तर मिस्त्रीचा कायदाच होता.

“नाव शाबासकीसाठी नाय लावायचं, हिरे,” तो म्हणायचा. “दहा वर्षांनी झाड बिघडलं तर शिव्या कोणाला द्यायच्या, ते लोकांना कळाया पायजे.”

तीस वर्षांत हिरीला शिव्या खायची वेळ आली नाही. बोर्डी-घोलवडचे बागायतदार येऊन सांगायचे, हिरीच्या हातचं द्या. हिरीला शाळा माहीत नव्हती, लिहिता येणारी अक्षरं दोनच, ‘हि’ आणि ‘री’. तेवढ्यावर तिचं सगळं चाललं होतं.

मग तुषारसाहेब आले. तरुण, हसतमुख, कधी आवाज चढवला नाही. त्यांनीच आल्या आल्या हिरीला मावशी म्हणायला सुरुवात केली. मंडळाने त्या वर्षी उद्दिष्ट चौपट केलं होतं आणि रायण काही चौपट वेगाने वाढायला तयार नव्हती. साहेबांनी तोड काढली. मोहाचं रोप सहा-सात महिन्यांत जाड होतं, चिकूच्याच गोतातलं आहे. मोहावर बांधा.

“साहेब,” हिरी म्हणाली होती, “मोहाला चिकू धरतो. पण नांदत नाय. सांधा फुगतो, आतून पोकळ राहतो. वारा आला की तिथंच मोडतो.”

“कधी मोडतो?”

“चार वर्षांनी. पाच वर्षांनी.”

साहेब हसले होते. “मावशी, आपला अहवाल मार्चला जातो. मार्चपर्यंत धरलं की झालं.”

हिरी पुढे काही बोलली नाही. त्याच वर्षी रोजावरच्या बायकांना कायम करायची यादी वर गेली होती. शिवाय साहेब शिकलेला माणूस, त्याला काही माहीत असेल असंही तिने स्वतःला सांगून पाहिलं. हात मोहावर कलमं बांधत राहिले. त्या वर्षी चिखल्याने जिल्ह्यात पहिला नंबर काढला आणि साहेबांना बढती मिळाली. बोर्डीकडची, रायणीवरच बांधणारी मंडळाची जुनी रोपवाटिका मात्र बंद झाली. तिथे मागणी नव्हती म्हणे. तिथून नेलेली झाडं मरतच नव्हती, मग माणूस दुसऱ्यांदा कशाला जाईल?

लोक हिरीचं नाव बघून कलमं नेतात हे ऑफिसच्या ध्यानात आलं, तेव्हा ऑफिसने यंत्रावर ठोकून हजारोंनी बिल्ले करून आणले. दुसऱ्या बायकांनी बांधलेल्या कलमांवरही हिरीचंच नाव लागू लागलं. हिरी तेव्हाही गप्प बसली. हे गप्प बसणं पुढे तिला फार महागात पडलं.

पाड्यावर योजनेची कलमं वाटली तेव्हा नवऱ्याच्या माघारी एकटीने शेत करणाऱ्या हिरीच्या लेकीने, सुषमाने, वरकस, खडकाळ उतारावर चाळीस झाडं लावली. हिरीने जुन्या साठ्यातली रायणीवरची नऊ हुडकून तिच्यासाठी बाजूला काढली होती. तेवढीच उरली होती. बाकी एकतीस मोहावरची. सुषमाने चार वर्षं डोक्यावरून पाणी वाहिलं. यंदा झाडांना पहिली फळं धरली होती. मागच्या आठवड्यात वारा सुटला आणि एकतीसच्या एकतीस झाडं सांध्यातून मोडली. नऊ उभी राहिली. पाड्यावरच्या बाकीच्यांकडे तर नऊही नव्हती.

हिरी गेली तेव्हा सुषमा मोडलेल्या झाडांवरचे कच्चे चिकू टोपलीत काढत होती. तिने आईकडे बघितलं नाही.

“तुला ठावं होतं, आय?”

हिरीने खाली पडलेला एक चिकू उचलून टोपलीत टाकला.

“नऊ येगळी दिलीस, ही पयली लाव बोललीस. म्हंजे तुला ठावं होतं. मंग बोलली का नाय? आख्ख्या पाड्यानं तुझं नाव बघून झाडं घेतली. मी सांगितलेलं त्यांना, माझ्या आयच्या हातची हायेत.”

आज निघण्याआधी हिरीने मोडलेल्यांतल्या एका झाडाचा सांधा करवतीने कापून पोत्यात घातला होता. साहेबांना दाखवायचा, म्हणजे निदान पुढचं तरी थांबेल, एवढंच तिच्या मनात होतं.

अकराची वेळ साहेबांनी साडेबाराला पाळली. गाडीतून उतरताच त्यांनी लांबूनच हिरीला हात केला, आणि हिरीने तिथेच, गालिच्यावर, पोतं उघडलं.

“साहेब, हे बघा. पाड्यावरचं हाय. सांधा कसा फुगलाय, आत बघा. बोट जातं.”

साहेब खरोखर वाकले. त्यांनी बोट घालून पाहिलं. चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी आलं, नाही असं नाही.

“किती गेली?”

“चाळिसातली एकतीस. पूर्ण पाड्याची मिळून तर…”

“जागृती मॅडम, लिहून घ्या.” साहेब सरळ झाले. रुमालाने बोट पुसत म्हणाले, “मावशी, काळजी करू नका. एकतीस तुमच्या मुलीला, आणि पाड्याची जेवढी असतील तेवढी. सगळ्यांचे अर्ज घ्या. यंदाच्या मागणीत धरू. ट्रक भरलेला आहेच, आजच जाईल.”

“पण साहेब, ती पण मोहावरचीच…”

“मागणी दीडपट झाली तर पुढच्या वर्षी इथे शेडनेट मिळेल तुम्हाला. उन्हात बसायला नको.” ते अगदी मायेने म्हणाले आणि मांडवात गेले.

लिहून घेताना जागृती मॅडमनी मान वर केली नाही. पाड्याचं नाव विचारलं, बाकी काही विचारलं नाही.

हिरीला व्यासपीठावर बोलावलं तेव्हा टाळ्या झाल्या. शाल आली, चौकटीतलं प्रमाणपत्र आलं आणि कुंडीत लावलेलं एक कलम आलं. कलमाला तिच्या नावाचा बिल्ला होता. सवयीने हिरीचा अंगठा सांध्यावर गेला. नऊ-दहा महिन्यांचं कलम आणि सांधा आताच फुगायला लागला होता. निवेदकाने माइक तिच्यापुढे धरला. दोन शब्द बोला म्हणाला.

समोर खुर्च्यांवर माणसं होती. खुर्च्यांखाली तिचा वाफा होता.

“माझं नाव काढा,” हिरी म्हणाली. माइकवर आलेला आपलाच आवाज ऐकून ती दचकली, पण थांबली नाही. “कलमावरून माझं नाव काढून टाका. ही माझी कलमं नाय.”

मांडवात थोडी कुजबुज झाली. साहेबांनी हसत माइक हातात घेतला.

“ऐकलंत? याला म्हणतात निरपेक्ष काम. मावशी म्हणतात, माझं नाव नको, ही कलमं माझी नाहीत, सगळ्यांची आहेत. एवढा मोठेपणा आपल्या अंगी कधी येणार?”

आधीपेक्षा मोठ्या टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेतले काही जण तर उभे राहिले. हिरी कुंडी पोटाशी धरून उभी होती. शाल खांद्यावरून घसरत होती आणि ती सावरायला तिचा हात मोकळा नव्हता. तिला रडू आलं तेव्हा फोटोवाल्याने दोन फोटो जास्त काढले.

जेवणाला सगळे गेल्यावर ती ट्रककडे गेली. ट्रकात कलमं दाटीने लावलेली होती. तिने फाळक्यावर पाय देऊन हाताला येतील ते बिल्ले काढायला सुरुवात केली. एक, मग दुसरा, मग पुढचा. तारेने बोटं कापली. काढलेले बिल्ले ती ओच्यात टाकत होती. कडेच्या दोन रांगा झाल्या आणि ड्रायव्हर जेवून आला.

“ओ मावशी, उतरा. सात गावं करायची आहेत.”

ती उतरली. ट्रक निघाला. आत मधल्या रांगांत, जिथे तिचा हात पोचला नव्हता, तिथे तिचं नाव तसंच लटकत होतं. ते आता सात गावांना जाणार होतं.

मग ती बांधाकडे गेली. आडव्या पडलेल्या रायणीच्या रोपांतली ज्यांची मुळं पिशवीत शाबूत होती ती तिने वेचली आणि पोत्यात उभी लावली. मोडका सांधा तिथेच बांधावर राहू दिला.

पाड्यावर पोचली तेव्हा उन्हं कलली होती. सुषमा उतारावरच होती. मोडलेल्या एका झाडाचा मोहाचा खुंट ती उकरून काढत होती. आईच्या खांद्यावरची शाल तिने पाहिली, कुंडी पाहिली आणि पुन्हा उकरायला लागली. हिरीने शाल आणि प्रमाणपत्र पडवीत ठेवलं आणि कुदळ घेऊन दुसऱ्या खुंटाकडे वळली. दोघी एकापाठोपाठ एक खुंट काढत गेल्या.

निघालेल्या खड्ड्यात हिरीने रायणीचं रोप बसवलं. पेन्सिलीएवढंही जाड नव्हतं ते.

“याच्यावर कवा बांधशील?” सुषमाने विचारलं. त्या दिवसानंतर ती आईशी पहिल्यांदाच बोलत होती.

“दोन वर्सांनी. तुझ्या त्या नऊ झाडांची काडी घेईन.”

“आणि हे?” सुषमाने पायानेच कुंडी दाखवली. “टाकू?”

हिरीने कुंडीतल्या कलमाचा बिल्ला सोडवला आणि ओच्यातल्या बाकीच्यांत टाकला. कलमाला तांबूस पालवी फुटली होती. तिने लोट्यातलं थोडं पाणी त्यालाही घातलं.

“त्याचा काय दोस?” ती म्हणाली.

सुषमा माती लोटायला खाली बसली. हाताने रोपाभोवतीची माती दाबता दाबता तिने विचारलं, “मंग रायणीवर बांधशील तवा नाव लावशील का, आय?”

“तवा नाय. नांदलं तर लावायचं.”

“ते कवा कळंल?”

“तुला कळंल,” हिरी म्हणाली. “मी नसेन तवा.”

सुषमाने हात पुसले आणि पोत्यातलं पुढचं रोप काढून आईच्या हातात दिलं.