नगाऱ्याच्या आडोशाला

गिरजा आठवते तेव्हा ती आधी दिसत नाही, ऐकूही येत नाही. आधी जाणवतो तो तिचा बाजूला टाकलेला श्वास. हिवाळ्यातल्या पहाटे, शिवारातून तुरीच्या फुलांचा गंध धुक्याबरोबर ओसरीपर्यंत चालत येई, तेव्हा ती चुलीजवळचा दिवा जात्यापाशी आणी. येताना ज्योतीवरून मान किंचित वळवी आणि तिची परवानगी घेतल्यासारखी हळूच उच्छ्वास सोडी. त्या पिवळ्या, थरथरत्या उजेडात तिच्या गालाची कड भाकरीच्या पापुद्र्यासारखी पारदर्शक होई. श्वास टाकावा तर असा, असे मला आज वाटते. तेव्हा वाटे, एवढी नखरेल बाई अख्ख्या किन्हीराजा गावात दुसरी नसेल.

ती माझी धाकटी जाऊ. मी थोरली, वयाने फार नव्हे, पण तोऱ्याने पुष्कळ. माझ्या तोऱ्याचे सगळे भांडवल गळ्यात होते. परमेश्वराने मला रूप देताना हात आखडता घेतला आणि त्याची भरपाई म्हणून आवाज असा ओतला की नदीपलीकडच्या मळ्यात कापूस वेचणाऱ्या बायांना न्याहारीची हाक मी अंगणातूनच देत असे. गावात कुणाची हळद लागो, कुणाचे बारसे असो, पहिले गाणे माझे. मी आ वासला की बाकीच्या बाया आपसूक मिटत. मला वाटे, त्या तल्लीन होतात. बिचाऱ्यांना दुसरा इलाज नव्हता, हे कळायला फार पावसाळे गेले.

जात्यावर आम्ही समोरासमोर बसायचो. एकच खुंटा, त्यावर चार हात. माझी ओवी घरघरीवर स्वार होऊन आढ्यापर्यंत जाई. गिरजाचे ओठ तेवढे हलत. पिंपळपानाची कड वाऱ्याशिवाय हलावी तसे ते हलणे. ती काही म्हणते आहे, हे दिसे. काय म्हणते, ते ऐकण्याची गरज मला कधी भासली नाही. गाभुळलेल्या चिंचेसारखा तो आवाज, आतल्या आत पिकलेला, टरफलाबाहेर न आलेला. मी मनात तिला मुकी बाहुली म्हणे आणि वर खुंट्याला जरा जास्तच जोर लावी, म्हणजे दळण कोणामुळे निघते हेही तिला समजावे.

मग आमच्या नणंदेचे लग्न निघाले. मोठी लढाई नुकतीच सरली होती, रॉकेल अजून मोजून मिळे. पण सासऱ्यांना हौस दांडगी. त्यांनी अकोल्याहून भोंगा मागवला. तो मोटारीने जऊळक्याला उतरला आणि तिथून बैलगाडीत, कडब्याच्या गादीवर, नवरदेवाच्या थाटात आमच्या दारी आला. भोंगा लिंबाच्या झाडावर चढला, बॅटरी ओसरीत बसली. सगळ्यात शेवटी भोंगेवाल्याने पेटीतून फलाटीनच्या मऊ कापडाची एक घडी काढली आणि पदर पदर उलगडून मुठीत मावेल असा काळा माइक बाहेर काढला. जाळीदार तोंडाचा, गप्प, गंभीर. पिसे न फुटलेल्या पिलासारखा.

भोंगेवाल्याने आम्हा बायांना त्याचे सोवळे सांगितले. ह्याच्या पोटात कोळशाची भुकटी आहे. ओला हात लावू नका, फुंकू नका, तोंडापासून वीतभर दूर धरा. भुकटी गोठून आवाज बसला तर बाजूला एक हलकी टिचकी, बस्स. उन्हात ठेवू नका, आपटू नका, काम झाले की फलाटीनमध्ये गुंडाळा. बाळंतिणीच्या खोलीत सुईण बोलते तसा तो बोलत होता. गिरजा डोळ्यांची पापणी न हलवता ऐकत होती. मी ऐकत नव्हते. माझे सगळे लक्ष झाडावरच्या भोंग्याकडे होते. अंगणातून नदीपलीकडे जाणारा माझा आवाज उद्या कुठवर जाईल, याची मनात वाटचाल चालली होती; शेजारचे मेडशी गाव केव्हाच मागे पडले होते.

दुसऱ्या दिवशी हळद. मान थोरलीचा, म्हणून माइक आधी माझ्या हाती आला. हात हळदीने माखलेले, ओले. पुसायला वेळ कुणाला? पहिले मी काय केले असेल, तर फुंकर मारली. लिंबावरून वावटळ सुटल्यासारखा आवाज झाला आणि कुंपणापाशी चरणाऱ्या शेळ्या दिसेनाशा झाल्या. मग माइक ओठांनी जवळजवळ चावत मी माझा सुप्रसिद्ध गळा सोडला. काय सांगू! भोंगा आधी खरखरला, मग किंचाळला, मग त्याने अशी लांब शीळ घातली की मांडवाबाहेरच्या गाडीचा बैल दावे तोडून निघाला. मला वाटले, यंत्र बिघडले. मी आवाज आणखी चढवला.

भोंगेवाला कानांवर हात ठेवून धावत आला. माणूस सभ्य होता, चिडला नाही. फक्त म्हणाला, "बाई, तुमाले हा कायले पायजे? तुमी अशाच मेडशीले ऐकू जाता."

मांडव हसला. मांडवच हसला, कारण एकेक माणूस वेगळे ओळखू येत नव्हते. माझ्या आयुष्याची सगळी मिळकत त्या एका हसण्यात पाण्यात गेली, आणि तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "गिरजे, तू धर वं."

तिने हात पदराला कोरडे केले. माइक माझ्याकडून घेतला तो हिसकून नव्हे, झोपलेले मूल एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घ्यावे तसा. त्याच्या जाळीवरची माझी हळद तिने पदराच्या कोरड्या टोकाने टिपली. तर्जनीने एक टिचकी दिली, इतकी हलकी, की नखाला कळावी आणि बोटाला कळू नये. मग वीतभर दूर धरून तिने मान वळवली आणि श्वास बाजूला टाकला. तीच ती दिव्यापाशी होणारी हालचाल! जिला मी वर्षानुवर्षे नखरा म्हणत आले, ती त्या काळ्या पिलाला अगदी ओळखीची वाटली असावी. ते तिच्या हातात शांत झाले. नवऱ्याने दुसरीकडे पाहिले असते तरी मी एवढी पेटले नसते, जेवढी त्या यंत्राच्या आज्ञाधारकपणाने पेटले.

आणि लिंबावरून गिरजा ऐकू आली. चिंच टरफलातून मोकळी झाली. किती आंबटगोड, किती सावकाश. उन्हाची तिरीप विहिरीत तळापर्यंत उतरावी तसा तो स्वर माणसांत उतरत गेला. पण ओठांवर गाणे हळदीचे नव्हते. इतक्या माणसांपुढे तिचे हळदीचे गाणे पळाले आणि रोजच्या सवयीचे, जात्यावरचे, तेवढे उरले. ते तिने डोळे मिटून म्हटले:

थोरल्या जाऊबाईचा गळा नगारा वाजतो,
त्याच्या धाकानं शिवारी मोर नाचाया लाजतो.

मांडव पुन्हा हसला, आणि या वेळी मला प्रत्येकाचे दात वेगळे दिसले. म्हणजे हे चालले होते तर! माझ्या ओवीखाली, माझ्याच खुंट्याला हात लावून, रोज पहाटे! मी उठले. हळदीची वाटी अंगणात भिरकावून घरात जाणार, तोच हशा विरला आणि पुढची ओळ आली. ती ऐकायला मांडवात माझ्याशिवाय कुणी थांबले होते की नाही, देव जाणे:

नगाऱ्याच्या आडोशाले माही चिमणी बोलते,
त्याले ठावं नाही बाई, जातं दोघीनं चालते.

मी उंबऱ्यावर उभी राहिले. एक पाय आत, एक बाहेर. टोमणा होता की माया होती, याचा निवाडा मी अजून केलेला नाही. एवढे मात्र तत्क्षणी उमगले, की अशी ओळ मला सात जन्मांत सुचली नसती. आणि मग माझा मत्सर, जो आतापर्यंत तिच्या आवाजापुरता होता, तो तिच्या बुद्धीपर्यंत ऐसपैस पसरला.

नणंद सासरी गेली, भोंगा जऊळक्याला गेला. माइक फलाटीनमध्ये गिरजानेच गुंडाळून दिला. मी जात्यावर बसू लागले ती तोंड मिटून. रुसव्याला शोभेल असे मौन मला जमत नव्हते, पण हट्टाने जमवले. घरघर नुसती, कोरडी. लय नाही तर हात चुकत, पीठ जाडे पडे, भाकरी कडेला तडकत. जेवताना सासूबाईंनी विचारले, भोंग्याने घरचे जाते मुके केले की काय.

एका पहाटे गिरजाने खुंटा थांबवला. तिने दिवा जरा दूर सरकवला, म्हणाली, "बाई, तुमी गात नाई तं मी कोनाच्या आडोश्याले गाऊ? उघड्यावर मले भेव लागते."

मी म्हणाले, "मोर लाजतीन ना वं."

"लाजू द्या. त्याईले तरी काय कमी तोरा हाय?"

मी हसू गिळायचा प्रयत्न केला. ते नाकातून बाहेर पडले. मग गायले. पण कधी नव्हे ते ओळीच्या शेवटी थांबले, श्वास बाजूला टाकला, आणि त्या फटीतून तिला ऐकले. रोज नवा टोमणा असे. एकाहून एक. मी जळत राहिले आणि पीठ बारीक पडत राहिले.

गिरजा गेली त्यालाही आता काळ लोटला. जाण्यातही तिने माझा थोरलेपणाचा मान डावलला, याबद्दल माझा राग आहे तसाच आहे. आता नातवंडांच्या लग्नात कुणीही माइक हातात देते. पोरे त्यात फुंकतात, आपटतात, जाळी ओठांना लावून ओरडतात. मी तो पदराने पुसते, वीतभर दूर धरते, मान वळवते. त्यांना वाटते, आजीला दम लागला. लागू दे वाटायला. काळ माणसाचा आवाज आधी नेतो आणि त्याची थांबण्याची जागा न्यायला विसरून जातो. त्या जागेपाशी मी प्रत्येक ओळीनंतर क्षणभर उभी राहते, मत्सराने कान टवकारून, आणि जाते अजून दोघींनी चालते.