बाबांची मोहीम

तिचं काम काय, असं कुणी विचारलं की ती सांगे, "मी लढाया जुळवते." मग समोरच्याचा चेहरा बघून पुढचा खुलासाही करावा लागे. तिची कंपनी कॉम्प्युटरवर आळीपाळीनं खेळायचा एक खेळ बनवत होती. शहरं वसवायची, शेतं पिकवायची, फौज उभारायची आणि जमलंच तर शेजाऱ्याचं राज्य घ्यायचं. त्यात लढणाऱ्याला मजा यावी आणि न लढणाराही अगदीच भरडला जाऊ नये, हे बघणं तिच्याकडे होतं.

ते काही केल्या जमत नव्हतं. टीममधला एक प्रोग्रामर होता, त्याला सगळे घोडेवाला म्हणत. पहिल्या दहा फेऱ्यांत तो नुसते घोडेस्वार उभे करायचा आणि शेजाऱ्यावर सोडायचा. एक शहर पडलं की त्याचं धान्य मिळे, धान्यातून आणखी घोडे, घोड्यांच्या जोरावर दुसरं शहर. दहातले आठ डाव तो असेच खिशात घाली. तिनं घोडे महाग करून पाहिले, तर कुणीच कुणावर चाल करेना. चौघं जण तीन तास आपापल्या तटबंदीआड गहू पेरत बसले आणि त्यातल्या एकाला चक्क डुलकी लागली. निमूटपणे तिनं घोडे पुन्हा स्वस्त केले.

याच सुमाराला सासरे दोन आठवडे राहायला आले. त्यांच्या घरी न्हाणीघराची फरशी उखडली होती. ते निवृत्त ग्रंथपाल. चाळीस वर्षं हळू बोलून बोलून घरातही त्यांचा आवाज चढत नसे. भिंतीवर कोळी दिसला तर ते त्याला जाड कागदावर घेऊन खिडकीबाहेर सोडत, तोही सावलीच्या बाजूला.

"बाबा, जरा खेळून बघता का?" तिनं विचारलं. "साध्या माणसाला समजतंय का, एवढंच बघायचंय."

"अगं, मला कुठलं लढायला जमतंय," असं म्हणत त्यांनी चष्मा पुसला आणि खुर्ची पुढे ओढली.

पहिला दिवस शेतं नांगरण्यात गेला. दुसऱ्या दिवशी ते जेवायला दोन हाका मारल्यावर आले. चौथ्या दिवशी ती ऑफिसातून परतली तेव्हा खोलीतून त्यांचं हळू पुटपुटणं ऐकू येत होतं, "माफ करा हं... इलाज नाही... माफ करा." तिनं डोकावून पाहिलं. पडद्यावर एक शहर जळत होतं. नकाशावर दुसरा रंग उरलाच नव्हता. सव्विसाव्या फेरीत बाबांनी अख्खं जग घेतलं होतं.

तिच्या नवऱ्यानंही बघितलं आणि तो दारातच थबकला. "हे माझे बाबा? मला लहानपणी झुरळ मारू दिलं नाही यांनी!"

"झुरळाला तटबंदी नव्हती," बाबा म्हणाले आणि लाजले.

ती मात्र डोक्याला हात लावून बसली. घोडेवाल्याचं समजू शकतं, पण कोळ्यांना सावलीत सोडणारा माणूस चार दिवसांत जग जिंकत असेल, तर खेळात काही राम नाही. तिनं तसं बोलून दाखवलं.

"खरं सांगू? मलाही कंटाळा आला शेवटी," बाबा म्हणाले. "शहर घेतलं की त्याच फेरीत ते मला धान्य द्यायला लागतं. असं कुठं असतं? आमच्याकडे एकदा दुसरं ग्रंथालय विलीन झालं. चार हजार पुस्तकं. ट्रक एका दुपारी रिकामा झाला. पण ती पुस्तकं आमची व्हायला तीन वर्षं लागली."

"तीन वर्षं?"

"मग! त्यांचे क्रमांक वेगळे, कपाटं वेगळी. तिकडच्या बाई वेगळ्याच. त्या त्यांच्याच पद्धतीनं कार्डं लावत. मी माझी माणसं नेमून पाहिली, तर वाचक यायचेच बंद झाले. शेवटी सगळा कारभार त्या बाईंकडेच दिला. तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. बाई तोंडानं फटकळ, पण काम चोख."

ती तिथंच वही उघडून बसली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात नवा नियम खेळात घातला. जिंकलेलं शहर आठ फेऱ्या काही देणार नाही, उलट तिथं फौज ठेवावी लागेल. नाही ठेवली तर बंड. तिथलाच जुना कारभारी कायम केला तर चारच फेऱ्या, पण धान्य कायमचं निम्मं.

घोडेवाल्यानं नेहमीप्रमाणे धडाधड पाच शहरं घेतली आणि पुढच्या सहा फेऱ्यांत पाचही गमावली. "हा सरळसरळ माझ्यावर राग आहे," असं त्यानं जाहीर केलं. आठवडाभर डावांवर डाव झाले. आधी चाल करणारा आता दहातले पाचच जिंकत होता, आणि कुणाला डुलकीही लागली नाही. तिनं आनंदानं नवा खेळ बाबांच्या पुढ्यात ठेवला.

बाबा हरले. चहाला आले ते तोंड फुगवून.

"माझ्या शहरात बंड का म्हणून?"

"बाबा, तुम्ही तिथं एकही शिपाई ठेवला नाहीत."

"मी त्यांची माफी मागितली होती!"

"ती खेळाला ऐकू येत नाही."

"मग तेवढं दुरुस्त कर," ते म्हणाले आणि बिस्कीट न घेताच उठले. तिला हसू आवरेना, म्हणून ती कप विसळायला आत पळाली.

फरशी बसली आणि बाबा आपल्या घरी गेले, पण जाताना खेळ स्वतःच्या कॉम्प्युटरवर घालून घेऊन. पुढच्या रविवारी तिनं त्यांची आणि घोडेवाल्याची लांबूनच गाठ घालून दिली. डाव सकाळी सुरू झाला. दुपारी बाबांनी झोपेसाठी तासभर युद्ध थांबवायला लावलं. चारच्या सुमाराला घोडेवाला टेकीला आला आणि त्यानं तहाचा मजकूर लिहून पाठवला. बाबांनी तो दोनदा वाचला, शुद्धलेखनाच्या तीन चुका दुरुस्त करून परत पाठवला आणि खाली नम्रपणे कळवलं, की सध्या तहाचा विचार नाही.