डच सिनेमावर उषाबाईंचं मत

सुरतेतल्या नवागामच्या त्या गल्लीत दुपारी दोन ते पाच ही सिनेमाची वेळ. साड्यांच्या काठांना खडे चिकटवायचं काम घरोघरी येतं. उषाबाईंच्या बाहेरच्या खोलीत चौघी जमतात, त्यांच्या सुनेचा, नूतनचा मोबाइल मिठाच्या बरणीला टेकवतात, हिंदीत डब केलेलं काहीबाही लावतात आणि कामाला लागतात. एकदा बोटांना गम लागला की मग मोबाइलला हात लावायचा नाही, हा तिथला कायदा. एक सिनेमा संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, मग तो कसलाही असो.

त्या गुरुवारी असाच एक डच सिनेमा सुरू झाला. कालव्यावरचा पूल उचलायची नोकरी करणारा एक उंचाडा माणूस आणि पावाच्या दुकानातली एक तापट बाई. दहाव्या मिनिटाला दोघं नावेत, पंधराव्याला पिठाच्या टेबलावर, आणि अंगावर कपडे म्हणाल तर नावाला.

"अगं बया बया!" प्रमिलाबाई ओरडल्या. त्या मूळच्या नांदेडकडच्या, त्यांचा आवाज आधीच दोन घरं पलीकडे जातो. "बंद करा की कुणी! लाज न्हाई का ह्यांना, भर दुपारी?"

पण बंद करणार कोण? प्रमिलाबाई, त्यांची लेक पल्लवी आणि नूतन, तिघींची दहाही बोटं गमाने माखलेली. कोरडे हात फक्त उषाबाईंचे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून त्या खड्यांच्या वाटेला जात नाहीत, नुसते धागे कापतात.

"माले काय समजस ते बटन?" असं आपल्या अहिराणीत म्हणून उषाबाईंनी कात्री चालू ठेवली. डोळे मात्र मोबाइलवर.

नूतनला हे विचित्र वाटलं. रोज पहाटे याच मोबाइलवर भजनं लावतं कोण मग? पण ती गप्प बसली. तीन महिने ती गप्पच होती म्हणा.

भूपेंद्र, म्हणजे तिचा नवरा, जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हा माहेरचे न्यायला आले, तर उषाबाई दारात उभ्या राहिल्या. "ही मनी पोर शे, आठेच ऱ्हाई," एवढंच बोलल्या आणि तिला आपली लेक म्हणून इथेच ठेवून घेतलं. ते नूतन जन्मात विसरणार नव्हती. आणि आता भूपेंद्रचाच जुना ओळखीचा योगराज, चलथाणच्या साखर कारखान्यातला फिटर, तीन महिन्यांपासून लग्नाचं विचारत होता. माणूस भला. येत्या रविवारी त्याची मोठी बहीण गावाहून यायची होती आणि त्याआधी त्याला हो की नाही ते हवं होतं. नूतनच्या मनात हो होतं. पण जिने आधार दिला तिलाच सोडून जाते असं कोणत्या तोंडाने सांगायचं? उपकाराच्या ओझ्यानेच तिचं तोंड उघडत नव्हतं.

सिनेमात ती बाई भांडून निघून गेली. दोन हिवाळे गेले. मग एका संध्याकाळी खोकत, चिंब भिजून परत दारात. पूलवाल्याने काही विचारलं नाही. तिला शेगडीजवळ बसवलं, ओले मोजे काढले, पाय पुसले आणि मोजे वाळत घातले. संपला सिनेमा.

"एकदम जोरदार छे!" पल्लवी म्हणाली. सुरतेत जन्मलेली पोर ती. "खाली लोकांनी मतं लिहिलीत. कोणी म्हणतंय बकवास, कोणी म्हणतंय तीनदा रडलो. आपण पण लिहू. मम्मी, किती स्टार?"

"एक बी न्हाई. येवढाली घरं अन् खिडक्यांना पडदे न्हाईत. सुरतेत येवढं कापड निघतंय, न्या म्हणावं चार ताके!" असं म्हणताना प्रमिलाबाईंनी नाक ओढलं. रडल्या होत्या, पण कबूल कशाला करतील?

"नूतनभाभी, तुम्ही?"

नूतनचे डोळे भरून आले होते आणि गमाच्या हातांनी पुसताही येत नव्हते.

"उषाकाकी?"

उषाबाईंनी कात्री खाली ठेवली. "त्या मानूसनी तिले काहीच इचारं नही. पहिले तिना पाय पुसात. पाच स्टार दे त्याले."

पाच वाजले. मायलेकी हात धुवायला आपल्या घरी गेल्या. नूतन शेवटचा काठ पुरा करत होती. उषाबाई उठल्या, मोबाइल घेतला आणि समजत नसलेली बटनं भराभर दाबत एका नावावर थांबल्या: डोळ्यांचा दवाखाना.

"मना डोयासनं ऑपरेशन व्हयनं त्याले वरीस व्हई गयं," त्या म्हणाल्या. "हाऊ दवाखाना आजून रोज सांजले फोन करस व्हय?"

नूतनचा खडा काठाबाहेरच चिकटला. त्या दवाखान्यात उषाबाईंना महिनाभर मोटारसायकलवरून नेलं-आणलं होतं ते योगराजनेच. म्हणून त्याचा नंबर तिने त्या नावाखाली लपवला होता.

"आई, मी तुम्हाला सोडून..."

"तुम्हीन दोन्हीसनी डोया नवा करी दिन्हात, मंग माले दिसाव नही का? चलथाण काय परदेश शे? मी यीसू, तू ये." त्यांनी आपल्या पदराने सुनेचे डोळे पुसले, बटन दाबलं आणि मोबाइल तिच्या कानाला लावून धरला. "बोल."

पलीकडे घंटी वाजत होती. हात गमाचे, फोन तोडायची सोय नाही. समोर सासू, हात अवघडला तरी मोबाइल धरून उभी. या बाईचं आता किती आणि कसं फेडायचं, असं नूतनला वाटलं आणि फेडता येणार नाही याचंच बरं वाटलं.

"हॅलो?" योगराजचा आवाज आला.

"रविवारी ताईंना घेऊन या," नूतन म्हणाली. "माझ्या आईने बोलावलंय."