बिजागरीचे तेल

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. पोट मोठे आणि तोंड गप्प. त्या गप्प राहण्याचीच मला आज लाज वाटते.

मुखेडच्या बाजारात एका कारागिराने मला घडवले, झाकणाला बिजागरी बसवली. बहात्तरच्या दुष्काळात माझी मालकीण भामाबाई खडी फोडायच्या कामावर मिळालेला सरकारी कोरडा खाऊ, सुकडी, माझ्यात ठेवायची. तिची धाकटी लेक शिवकन्या माझ्याकडे टक लावून बसे. पण बिजागरी अशी करकरायची की चोरून खाणे कोणालाच जमत नसे. "चौकीदार हाय माझा," भामाबाई कौतुकाने म्हणे.

दहा वर्षांनी लातूर जिल्हा वेगळा झाला. तिथल्या नव्या कचेरीत नोकरीला लागलेल्या विरूपाक्षशी शिवकन्येचे लग्न झाले. शेंगदाण्याचे लाडू पोटात घेऊन मीही तिच्याबरोबर गेलो. त्या घरात कशाची ददात नव्हती. एके दिवशी तिने माझ्या बिजागरीला तेल लावले. म्हातारपणी कोणी काळजी घेतली म्हणून मी सुखावलो. मूर्ख मी!

दुपारी तिच्या सासूबाई कस्तुराबाई शेजारच्या घरी गेल्या की नुकतीच जेवलेली शिवकन्या दाराकडे पाठ करून बसे. चवही न घेता भराभरा लाडू गिळे. पोट दुखले तरी हात थांबत नसे. मग रडे, आणि दुसऱ्या दिवशी कडक उपास धरे. "सून लई देवधर्माची हाय," सासू गल्लीभर सांगे. उपासाने भूक खवळे आणि पुन्हा तेच. मला सारे ठाऊक होते. तेलाला भुलून मी गप्प राहिलो.

एका दुपारी मी करकरलो. धाडस केले म्हणालो तर खोटे होईल. पावसाळ्यात गंजलो होतो. कस्तुराबाई दारात आल्या. शिवकन्येने पदराने तोंड झाकले.

"भूक लागली व्हती का गं?"

"न्हाई, आत्याबाई. भूक न्हाई. थांबताच येईना. लई लाज वाटूलाली."

कस्तुराबाई तिच्याजवळ खाली बसल्या. "अन् मी उपासाचं कौतिक करत हिंडले! उद्या उपास न्हाई. दोघी संगं जेवू, मग दवाखान्यात जाऊ."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही खादाडी नव्हे, आजार आहे. बरे व्हायला वेळ लागला, पण शिवकन्या सावरली.

मित्रांनो, कोणी भूक नसताना लपून, भराभरा खात असेल आणि मग स्वतःचाच राग करत असेल, तर त्याला हसू नका. जवळ बसा, विचारा. ते तुम्हीच असाल, तर कोणाला तरी सांगा.

पुढे कस्तुराबाई तेलाची वाटी घेऊन आल्या, तेव्हा शिवकन्येने त्यांचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "करकरू दे त्याला."