सासऱ्यांची पँट

चोवीस वर्षं जमिनी मोजून झाल्यावर, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी जावयाने माणसं मोजायला घेतली. म्हणजे तो शिंपीकाम शिकू लागला. साहेबांनी सहा महिन्यांची बिनपगारी रजा दिली, ती डोकं ठिकाणावर येईल या आशेने. रजा आज संपत होती. डोकं अजून शिलाई मशीनपाशीच होतं.

बायकोने अट घातली होती. "माझ्या बाबांची पँट शिव. त्यांनी घातली तर दे राजीनामा. नाहीतर मुकाट्याने ऑफिस."

बाबा निवृत्त मुख्याध्यापक. उभ्या जन्मात त्यांनी कुणाला पैकीच्या पैकी गुण दिले नव्हते. जावयाला तर काठावर पास केलं होतं, तेही मुलीच्या हट्टापायी.

जावयाने त्यांना भिंतीशी ताठ उभं करून तीन-तीनदा टेप लावली होती. आज पँट घालून ते बाहेर आले. कुठे झोळ नाही, सुरकुती नाही.

"छान," सासरे म्हणाले. हा शब्द त्यांना येतो हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"बसा ना बाबा, चहा टाकते."

"उभ्यानेच घेतो."

चहा उभ्याने झाला. पेपर भिंतीला टेकून झाला. शब्दकोडं फ्रिजवर ठेवून सुटलं. दीड तासाने सासूबाई म्हणाल्या, "अहो, शाळेची प्रार्थना चालू आहे का?"

"बसून बसून माणूस म्हातारा होतो," म्हणत सासऱ्यांनी भार दुसऱ्या पायावर टाकला.

जावयाच्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. चोवीस वर्षांत एकाही प्लॉटने त्याच्यासमोर मांडी घातली नव्हती. माणूस खाली बसतो, हे तो साफ विसरला होता.

"काढा ती, बाबा. चुकलं माझं. जातो उद्या ऑफिसला."

"का म्हणून? अट 'घातली तर' अशी होती. बसण्याचा उल्लेख नाही. मी प्रश्न नीट वाचतो."

बायकोने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "शिवणीत कापड आहे का?"

"दोन बोटं. शिवण शिकवणाऱ्या टेलर मास्तरांनी दम देऊन ठेवायला लावलं."

तिने छोटी कात्री त्याच्या हातात ठेवली. "मग आधी उसव. राजीनामा नंतर लिही. माझा बाप दीड तास तुझ्यासाठी ताटकळलाय."

सासरे जुनी पँट घालून आले, खुर्चीत बसले आणि घरभर ऐकू जाईल असं "हुश्श" म्हणाले.

"आता खरे गुण सांगतो," ते म्हणाले. "शंभरात पस्तीस."

जावई खाली मान घालून उसवत होता. पण कान लाल झाले होते, आनंदाने.