तीन सायलेन्सर

“पार कुजलाय, काका. वेल्डिंग धरणार नाही. नवीनच घालायचा ना?” पिकअपच्या खालून मिस्त्रीचा आवाज आला.

सावकाशरावांना त्यातलं फक्त ‘काका’ कळलं. बाकीचं सगळं पाण्याखालून आल्यासारखं.

“हो हो, काही घाई नाही,” ते म्हणाले.

गाडीखालून बाहेर आलेले पाय क्षणभर थांबले. मग मिस्त्री फळीवरून पाठीनेच सरकत बाहेर आला आणि हसला. त्याला ती गंमत वाटली. तो हसला म्हणून सावकाशरावही हसले. भिंतीशी रचलेल्या टायरांवर बसलेली त्यांची मुलगी मात्र हसली नाही, हे त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं.

सावकाशराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. गेली सव्वीस वर्षं ते पिकअपमधून काचा पोचवत होते. खिडक्यांची तावदानं, दुकानांच्या दर्शनी काचा, माणसाहून उंच आरसे. गाडी इतक्या बेताने चालवायचे की सायकलवालेसुद्धा त्यांना मागे टाकून जात. मागच्याने हॉर्न वाजवला की खिडकीतून हात काढून ‘जा बाबा पुढे’ अशी खूण करत. सव्वीस वर्षांत दोनच काचा फुटल्या, त्यातली एक उतरवून घेणाऱ्याच्या हातून. त्यावरून पडलेलं हे नाव त्यांना स्वतःलाही आवडायचं.

आणि आता याच माणसाची गाडी गल्लीभर बोंबलत फिरत होती. प्रसूतिगृहात खिडकीची काच बसवायला गेले, तर एक नर्स तरातरा बाहेर येऊन गाडीसमोरच उभी राहिली. तिच्या ओठांवरून त्यांना एवढंच कळलं की सगळी तान्ही बाळं एकदम उठली आहेत. शाळेतून तक्रार गेली ती थेट काचेच्या दुकानाच्या मालकांकडे. मालकांनी त्यांना चारदा फोन केला, तो त्यांनी उचललाच नाही. मग मालकांनी मुलीला गाठलं. “सायलेन्सर बदलल्याशिवाय गाडी दुकानाच्या दारात आणू नका म्हणावं,” असा निरोप तिने आणला. सुट्टीचा दिवस होता, म्हणून तीही सोबत आली.

“एवढा आवाज, बाबा, आणि तुम्हाला काहीच वाटलं नाही?” तिने येताना विचारलं होतं. “हो, बघू या,” असं ते म्हणाले होते.

‘हो’ हा शब्द त्यांना फार उपयोगी पडायचा. समोरच्याचे ओठ बघायचे, चार लोक हसले की हसायचं, आणि काहीच कळलं नाही की ‘हो’ म्हणायचं. निम्म्या वेळा तेवढ्यावर भागत असे. पण पंधरवड्यापूर्वी गाडी मागे घेताना अचानक कोणीतरी बाजूच्या पत्र्यावर दाणदाण मुठी मारल्या. ते उतरून पाहतात तर काच बसवणारा माणूस भिंतीला चिकटून उभा, चेहरा पांढराफटक. ‘थांबा, थांबा’ म्हणून तो कधीचा ओरडत होता. सावकाशरावांनी त्याचे दोन्ही हात धरून माफी मागितली. त्या दिवसापासून त्यांना नीट झोप नव्हती. पण कोणाला सांगितलं असतं तर गाडी चालवणं सुटलं असतं, आणि मग दिवसभर करायचं काय?

मिस्त्रीने तीन सायलेन्सर आणून फरशीवर मांडले. एक लांबट, चकचकीत स्टीलचा. दुसरा जाडजूड, आत कप्पे असलेला. तिसरा बुटका, काळा, दिसायला अगदीच ओबडधोबड.

“असं करू,” मिस्त्री आता त्यांच्याकडे तोंड करून बोलत होता, त्यामुळे सगळं समजत होतं. “तिन्ही क्लॅम्पवर तात्पुरते लावून दाखवतो. दिसण्यावर जाऊ नका. तुम्ही तिकडे फाटकापाशी उभे राहा, डोळे मिटा आणि कुठला बरा वाटतो ते सांगा. गाडी तुम्ही चालवता, आवाज तुम्हाला आवडायला हवा.”

डोळे मिटायचे म्हणजे ओठही गेले. पण नाही कसं म्हणणार? ते फाटकापाशी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटले. आत सगळं शांत होतं. त्यांनी मनात आकडे मोजले. साठ झाले, शंभर झाले. एवढ्यात चकचकीत सायलेन्सर लागून, गाडी चालू होऊन बंदही झाली असेल, असा त्यांनी हिशेब केला.

“चांगला आहे,” ते डोळे उघडून म्हणाले. “थोडा मोठा आहे आवाज, पण चांगला आहे.”

मिस्त्री क्लॅम्प आवळत होता. त्याने मान वर केली. “काका, अजून चावीसुद्धा फिरवली नाही हो,” तो हसत म्हणाला. मग त्याची नजर त्यांच्या खांद्यावरून मागे गेली आणि हसू हळूहळू मावळलं.

सावकाशराव वळले. मुलगी त्यांच्या अगदी पाठीशी, हातभर अंतरावर उभी होती. तिचे ओठ ‘बाबा’ या शब्दावर मिटले होते. तो शब्द तिने किती वेळा उच्चारला, कुणास ठाऊक. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मिस्त्री तसा बडबड्या माणूस. पण आता तो उगीचच नट आवळायचे पाने कापडाने पुसत बसला.

“मागे एक काच आहे,” गाडीकडे बोट दाखवत सावकाशराव म्हणाले. “तीन मिलिमीटरची, मोठी. तुम्ही एकेक लावा. मी हात लावून सांगतो.”

ते गाडीवर चढले, लाकडी चौकटीत उभ्या बांधलेल्या काचेवर त्यांनी तळहात सपाट टेकवला. मिस्त्रीने इंजिन चालू केलं, हळूहळू त्याचा वेग वाढवला. चकचकीत सायलेन्सरने काच मध्यावर जी शहारली, ती कडेपर्यंत थरथरत राहिली. “हा नको.” जाडजूडाने सुरुवातीला बरं साधलं, पण चौथ्या गिअरला इंजिन जेवढं फिरतं तेवढ्यावर येताच तळहाताला मुंग्या आल्या. “हाही नको. लांबच्या फेरीत काच तडकेल.” काळ्या बुटक्यावर ते बराच वेळ हात ठेवून उभे राहिले. पुन्हा वाढवायला सांगितलं, पुन्हा कमी करायला.

“हा घाला,” ते म्हणाले.

मिस्त्री त्यांच्या समोर येऊन उभा राहिला आणि सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाला, “मीही हाच सांगणार होतो, काका. पण का, ते मला तुमच्याइतकं सांगता आलं नसतं.”

परतताना मुलीने गाडी चालवली. त्यांनीच तिला शिकवली होती. ती चालवायचीही त्यांच्यासारखीच. अर्ध्या वाटेवर तिने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि त्यांच्याकडे वळून बसली.

“कधीपासून?”

“चार वर्षं झाली. आधी थोडं होतं.”

“म्हणजे आई होती तेव्हापासून? तिला माहीत होतं?”

“नव्हतं.” ते समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिले. मुलीने गुडघ्याला हात लावल्यावर परत तिच्याकडे वळले. “शेवटच्या दिवशी, तू औषधं आणायला खाली गेली होतीस ना, तेव्हा ती काहीतरी बोलली. बरंच बोलली. तोंडावर ती ऑक्सिजनची नळी, मास्क. ओठ दिसत नव्हते. मी हात धरून हो म्हटलं. तिने पुन्हा काहीतरी विचारलं. मी पुन्हा हो म्हटलं. तिचं समाधान झालं, असं वाटलं मला.”

“काय म्हणाली असेल?”

“तेच तर. काय कबूल केलंय मी तिला, ते मला माहीत नाही. रोज वाटतं, करायचं ते राहून जातंय.”

मुलीने गाडी लगेच चालू केली नाही.

दुसऱ्या दिवशी सावकाशराव चालतच दुकानात गेले आणि मालकांपुढे गाडीची चावी ठेवली. “मला ऐकू येत नाही,” ते म्हणाले. “पंधरा दिवसांपूर्वी माझ्या हातून माणूस चिरडला असता.” मालकांनी कागद ओढला, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘आधी कान तपासून या. मग काचा कापायच्या टेबलावर बसा,’ आणि कागद त्यांच्याकडे सरकवला.

आठवड्याने कानाच्या दवाखान्यात एका पांढऱ्या कोटातल्या मुलीने त्यांना कपाटाएवढ्या खोलीत बसवलं. कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं.

“आवाज आला की दाबा,” ती ओठ स्पष्ट हलवत म्हणाली. “कितीही बारीक असला तरी. आणि नाही आला, तर दाबू नका. अंदाजाने तर मुळीच नको.”

जाड दार लागलं. चौकोनी खिडकीच्या पलीकडे ती यंत्रावर वाकली. तिच्या मागे त्यांची मुलगी पर्स छातीशी धरून उभी होती. कोटातल्या मुलीचा हात एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर जात होता. ती मध्येच मान वर करून त्यांच्याकडे बघे आणि पुन्हा वाकून काहीतरी लिही.

सावकाशराव ताठ बसले होते. अंगठा बटणावर होता. त्यांनी तो दाबला नाही.